प्लॅन काढायच्या आधी एक पावसाळा प्लॉटवर फिरा

गोव्यात घर बांधताय ना, मग आर्किटेक्टकडे जायच्या आधी जून-जुलैत दोन-तीनदा प्लॉटवर जाऊन या, भर पावसात. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, तो कुठून वाहतो, कुठे साचतो हे तेव्हाच दिसतं, आणि ती वाट अडवून घर बांधलं की पुढे ओल पाठ सोडत नाही.

मग प्रत्येक झाड साइट प्लॅनवर मार्क करून घ्या, नुसता बुंधा नाही, फांद्यांचा घेर पण. आंबा, फणस, भिरंड (कोकम), ओवळ (बकुळ) जे असेल ते. पाणी-अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-एक मीटर मातीतच असतात आणि घेराच्याही बाहेर जातात, म्हणून पायाचा चर झाडापासून जमेल तेवढा दूर ठेवा, बुंध्याशी भराव नको आणि पेव्हर तर अजिबात नको. झाड मधेच येत असेल तर राजांगण, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, त्याच्याभोवती करा ना, जुन्या घरांत उजेड-वारा तिथूनच यायचा! तोडायचंच झालं तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, स्वतःच्या जागेत असलं तरी.

कंपाउंड वॉल सिमेंटची बंदिस्त करू नका, चिऱ्याचा सुका गडगा घाला, म्हणजे जांभ्या दगडाची सिमेंटशिवाय रचलेली भिंत, फटींतून पाणी जातं आणि दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ, नेचे आपोआप येतात, इतकं सुंदर दिसतं की वेगळी बाग करावी लागत नाही.