लॅपटॉपचा पासवर्ड विसरलात? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एक ताई लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आल्या. यजमान वर्षापूर्वी गेलेले. लॅपटॉप त्यांचा, पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी तो दुसरीकडे दाखवला होता. तिथल्या मुलाने "काही नाही मावशी, विंडोज नवीन टाकून देतो" म्हणत अर्ध्या तासात लॅपटॉप उघडून दिला. उघडला खरा, पण आत काहीच नव्हतं. मुलीच्या बारशापासून दहावीपर्यंतचे फोटो त्यात होते. एन्क्रिप्ट केलेली डिस्क, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, त्यावर फॉरमॅट. तिथे कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालत नाही. बोलता बोलता कळलं की यजमानांचा मोबाइल अजून घरात चालू आहे, त्या नंबरचं रिचार्ज ताई दर महिन्याला करतात. म्हणजे पासवर्ड बदलायचा ओटीपी घरातल्या घरात आला असता.

तेव्हापासून कुणीही "पासवर्ड विसरलोय" म्हणत आलं की मी आधी विचारतो, आतला डेटा हवाय का? हवा असेल तर घाईने केलेली कुठलीही गोष्ट अंगाशी येऊ शकते. खाली लिहिलंय ते विंडोज लॅपटॉपबद्दल. माझ्याकडे बहुतेक तेच येतात.

कीबोर्ड न तपासता "विसरलो" म्हणणं

एक निवृत्त गुरुजी चार दिवस पासवर्ड टाकत होते. टाकलेला पासवर्ड दाखवणारं डोळ्याचं चिन्ह मी दाबलं, तर चौकटीत देवनागरी अक्षरं! लेख लिहिण्यासाठी त्यांनी मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घेतला होता आणि लॉक स्क्रीनवर तोच चालू राहिला होता. विंडोजचं बटण आणि स्पेस बार एकत्र दाबून इंग्रजी केलं, पासवर्ड टाकला, लॅपटॉप उघडला. गुरुजींना पासवर्ड चोख पाठ होता.

म्हणून आधी डोळ्याचं चिन्ह दाबून काय उमटतंय ते बघा. कॅप्स लॉक बघा. जुन्या, छोट्या कीबोर्डच्या लॅपटॉपवर नम लॉकही बघा, कारण तो चालू असला की जे, के, एल या बटणांतून १, २, ३ उमटतात आणि यू, आय, ओ मधून ४, ५, ६.

पिन बऱ्याचदा चुकला की विंडोज 'ए१बी२सी३' टाईप करायला सांगतं. काहींना तो नवा पासवर्ड वाटतो, काहींना लॅपटॉप हॅक झाल्यासारखं वाटतं. यातलं काहीच नसतं. बटणं चुकून दाबली जात नाहीयेत ना, एवढंच ते तपासत असतं. अंदाजाने टाकत राहू नका. २०२२ नंतरचं विंडोज ११ नव्याने बसवलेलं असेल तर १० चुकांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं.

कुलूप कोणतं ते न ओळखणं

पिन आणि पासवर्ड वेगवेगळे. पिन फक्त त्या एका लॅपटॉपपुरता असतो, त्यामुळे तो विसरला तर खाली 'आय फरगॉट माय पिन' आहे. खात्याचा पासवर्ड आठवत असेल तर काम तिथेच संपलं.

पासवर्डच विसरला असेल आणि खातं मायक्रोसॉफ्टचं असेल, तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन तो बदलता येतो. इथे लोक हमखास अडतात: मोबाइलवर पासवर्ड बदलला, पण लॅपटॉप नवा घेईना. लॅपटॉपला इंटरनेट नसेल तर बदल त्याला कळणार कसा? लॉक स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून वायफाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, मग टाका.

ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जात असेल तर काम लांबतं. सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलली तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवतं. रिकव्हरी फॉर्म भरता येतो, पण टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारी सोय) चालू असेल तर तो उपयोगी पडत नाही. म्हणून जुनं सिम फेकण्याआधी खात्यातला नंबर बदलाच.

ई-मेलशिवायचं लोकल खातं असेल तर चुकीच्या पासवर्डनंतर 'रीसेट पासवर्ड' दिसतो आणि सेट करताना दिलेले तीन प्रश्न विचारले जातात. इथे आपली मराठी नावं गोंधळ घालतात. शाळेचं नाव 'लक्ष्मी विद्यालय', पण इंग्रजीत लक्ष्मी एक्सने लिहिलं होतं की के-एस-एचने? विद्यालयच्या शेवटी ए होता का? कागदावर सगळी स्पेलिंगं लिहून एकेक करून बघा. असं बरेचदा सुटलंय.

४८ अंकी की चुकीच्या माणसाकडे शोधणं

निळा स्क्रीन येऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, तर ते बिटलॉकर आहे, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप. बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की ते जागं होतं. "आम्ही तर कधी चालू केलंच नाही" असं लोक म्हणतात आणि ते खरं असतं, कारण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं टाकून सेटअप केला की एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू होतं.

ही की खात्यात जमा असते, पण कुणाच्या? पहिल्यांदा लॅपटॉप चालू करताना ज्याचा ई-मेल टाकला त्याच्या. आपल्याकडे हे काम भाचा, जावई नाहीतर शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा करतो. स्वतःच्या खात्यात की नसेल तर त्याला फोन लावा. त्याने आपल्या खात्यातली डिव्हाइसेसची यादी उघडून स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवायची. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या लॅपटॉपची की त्यांच्या आयटी विभागाकडे मिळू शकते.

ही की कुठेच नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडूनही उपयोग नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर मात्र तोच सरळ मार्ग आहे: आधी डेटा काढून घ्यायचा, मग विंडोज.

व्हिडिओ बघून फाइली बदलणं

पेनड्राइव्हवरून चालू करून विंडोजच्या फाइली बदलायच्या आणि जबरदस्तीने पासवर्ड पुसायचा, असे व्हिडिओ भरपूर आहेत. लोकल खात्याचा पासवर्ड असा बाहेरून पुसला की विंडोजमधून एन्क्रिप्ट केलेल्या फाइली आणि ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात. फुकटच्या अनलॉक टूलमधून व्हायरस येतो तो वेगळाच. शिवाय 'रीसेट धिस पीसी'मधल्या 'रिमूव्ह एव्हरीथिंग'चा अर्थ शब्दशः घ्या. सगळं जातं.

विंडोजचा लोगो दिसण्याआधीच पासवर्ड मागत असेल तर तो बायोसचा. मदरबोर्डवरचा सेल काढून तो जातो, हे जुन्या डेस्कटॉपचं ज्ञान. आजच्या बहुतेक लॅपटॉपना लागू नाही. बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. लेनोव्होच्या थिंकपॅडवर बायोसचा सुपरव्हायझर पासवर्ड विसरला तर मदरबोर्डच बदलावा लागतो.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं

कृपा करून हे करू नका. शोधात सापडणारे कितीतरी नंबर खोटे असतात. समोरचा माणूस मोबाइलवर स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप घ्यायला लावतो, आणि लॅपटॉप बाजूला राहून बँकेतले पैसे जातात. असं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

लॅपटॉप उघडल्यावर त्याच दिवशी दोन कामं करा. खात्यात चालू मोबाइल नंबर आणि दुसरा ई-मेल टाका. आणि ४८ अंकी की छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा, रेशनकार्डाशेजारी. ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगा. कागदावर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख लिहा. घरात दोन लॅपटॉप असले की कुठली की कुणाची, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.