हंटिंग्टन झालेल्या माणसाचा दिवस सुकर कसा करावा

दादाला हंटिंग्टन आहे हे पक्कं झालं त्याला नऊ वर्षं झाली. हा मेंदूचा आनुवंशिक आजार; त्यात हातपाय आपोआप हलत राहतात, आणि विचार करणं व स्वभावही हळूहळू बदलतो. त्याआधी बाबांना होता, पण तेव्हा आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं. बाबा चिडके झालेत, हातपाय झटकतात, एवढंच घरात बोललं जायचं. बाबांच्या वेळी जे चुकलं ते दादाच्या वेळी चुकू नये म्हणून मी आणि वहिनी रोज धडपडतो. आजार थांबवेल असं औषध रोजच्या उपचारात अजून आलेलं नाही. तरीही दिवस चांगला जाणं बरंचसं घरातल्यांच्या हातात असतं, हे आम्ही अनुभवलंय.

सगळ्यात आधी हे शिका: प्रश्न विचारला की थांबा.

रोज सकाळी मी त्याला विचारायचे, "आज कुठला शर्ट घालणार?" तो नुसता बघत राहायचा. मग मीच एक काढून द्यायचे. एकदा विचारलं आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. बोलून वळले तर दादा म्हणाला, "निळा." त्या क्षणी पोटात कालवलं. किती महिने तो उत्तर देत होता आणि ते ऐकायला मी तिथे नव्हतेच! या आजारात समज बराच काळ टिकते, पण विचार जुळवून तोंडापर्यंत आणायला वेळ लागतो. म्हणून आता मी एका वेळी एकच प्रश्न विचारते. "काय घालणार?" असं मोकळं न विचारता "निळा की पांढरा?" असं विचारते. मग मनात सावकाश दहापर्यंत मोजते, लागलं तर पुन्हा दहा. मधेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू नका, त्याला सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं. स्वतःहून एखादं काम सुरू करणंही अवघड होतं. तो तासन् तास बसून राहिला तर आळशी झाला असं समजू नका. "चल, चप्पल घाल, दारापर्यंत जाऊ" म्हटलं की दादा उठतो.

जेवणाला सगळ्यात जास्त वेळ द्या. या आजारात वजन झपाट्याने उतरतं. सततच्या हालचालींमध्ये शक्ती खर्च होते, आणि हालचाल कमी असलेल्यांचंही वजन घटतं. आम्ही तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं देतो आणि दर रविवारी वजन लिहून ठेवतो. खाताना पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. टीव्ही बंद. समोर बसून गप्पा मारायच्या नाहीत, हे मला फार जड गेलं, कारण जेवताना बोलणं ही आमची जुनी सवय. पण गिळणं आणि उत्तर देणं एकाच वेळी त्याला जमत नाही. घास लहान, आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही.

पातळ पाणी घट्ट पदार्थापेक्षा सोपं असेल असं आम्हाला वाटायचं. दादाला उलट पाण्यानेच ठसका लागायचा. स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासलं, पाणी किती दाट करायचं ते ठरवून दिलं आणि हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायला शिकवलं. ही युक्ती प्रत्येकाला चालतेच असं नाही, म्हणून तपासणी करून घ्या, आणि ती ठसके वाढण्याआधीच. जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, किंवा कारण नसताना ताप येत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारात मृत्यूचं एक मोठं कारण आहे.

रागाचं सांगते. ठरलेली गोष्ट बदलली की दादा भडकतो. एकच मागणी वीस वेळा करतो. आम्ही वाद घालायचो आणि तो आणखी पेटायचा. आता दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहे आणि बदल असेल तर आदल्या दिवशीच सांगतो. भडकलाच तर आवाज खाली आणायचा, जागा द्यायची, विषय तिथेच सोडायचा. कधी कधी आपले हातपाय हलताहेत हे त्यालाच जाणवत नाही. तो खोटं बोलत नसतो, मेंदूपर्यंत ती जाणीवच पोचत नाही. ते पटवून देण्याच्या भानगडीत पडू नका.

उदासी मात्र अंगावर काढू नका, तिच्यावर औषध आहे. या आजारात आत्महत्येचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, विशेषतः निदानाच्या आसपास आणि स्वतःची कामं स्वतः करणं सुटू लागतं तेव्हा. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आपोआप होणाऱ्या हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन नावाचं औषध देतात, पण त्याने उदासी वाढू शकते, म्हणून पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि हालचालींचा त्रास नक्की कोणाला होतोय, त्याला की बघणाऱ्यांना? दादाला होत नव्हता, म्हणून आम्ही ते औषध बराच काळ लांबवलं.

घरातले बदल थोडक्यात: हात असलेली जड खुर्ची, झाकणाचा कप, बाथरूममध्ये धरायला दांडे, सुटे गालिचे बाद, पलंग जमिनीलगत. गाडी चालवणं कधी थांबवायचं हे घरातल्या भांडणात न ठरवता डॉक्टरांकडून तपासून घ्या. वाईटपणाही त्यांनाच घेऊ द्या.

आता मुलांबद्दल. दोष चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो, तो 1993 मध्ये सापडला. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो वा मुलगी. ज्याच्याकडे तो आला नाही त्याच्याकडून पुढे जात नाही. लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची तपासणी सहसा करत नाहीत, आणि मोठ्यांनीही आधी जनुकीय समुपदेशन घ्यावं. माझी भाची एकोणीस वर्षांची आहे. तिने विचारलं, "आत्या, तू तपासलंस?" मी नाही म्हटलं. मी दोनदा समुपदेशकाकडे जाऊन आले आणि सध्या जाणून घ्यायचं नाही असं ठरवलं. तू वेगळं ठरवलंस तरी मी तुझ्यासोबत येईन, असं तिला सांगितलं. तिला घाई करू नका, आणि अडवूही नका, हे मी घरात सगळ्यांना बजावलंय.

शेवटचं काम बोलणं स्पष्ट आहे तोवरच करा. पुढे गिळणं थांबलं तर पोटात नळी घालायची का, दवाखान्यात राहायचं की घरी, निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यालाच विचारा. दादाला मी दोन-दोन पर्याय देऊन, दोन दुपारी बसून विचारलं. नळीबद्दलचं उत्तर दुसऱ्या दुपारी आलं. ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहिलं. एक प्रत वहिनीकडे आहे, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये. दर सहा महिन्यांनी मी तो कागद त्याला वाचून दाखवते. यंदा त्याने त्यातली एक ओळ बदलली.