जुनी सायकल पुन्हा चालती करताय? या चुका टाळा

तीस-चाळीस पावसाळे पडवीत काढलेली काळी रॉड ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची) सायकल एका रविवारी हातोडा, थिनर आणि तारेचा ब्रश यांच्या तावडीत सापडली की कायमची बिघडते. गंजलेला भाग बहुतेक वेळा वाचवता येतो. पुसलेल्या सोनेरी रेघा, फुटलेली बेअरिंगची वाटी किंवा गेलेले आटे परत येत नाहीत. म्हणून पान्हा उचलण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. रॉड ब्रेकची जोडणी खोलल्यावर कुठला दांडा कुठे होता हे हमखास विसरायला होतं.

रंग आणि गंज

पहिली चूक धुण्यातच होते. पेट्रोल किंवा थिनरने फ्रेम पुसली तर कंपनीचे ट्रान्सफर (चिकटवलेली नावं-चित्रं) आणि रेघा फडक्यावर उतरतात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं घ्या. त्यानंतर पॉलिश लावायचं असेल तर आधी बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस फिरतो त्या नळीच्या) पोटाला, न दिसणाऱ्या जागी लावून बघा.

क्रोमवर तारेचा ब्रश नको, संडास साफ करायचं अ‍ॅसिडही नको. त्या अ‍ॅसिडने गंज झटपट निघतो, पण सोबत क्रोमही जातं आणि उघडा पडलेला लोखंडी भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबडा होतो. हलक्या गंजाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी पुरतो. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात २० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घालून भाग काही तास बुडवून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडा करून तेल लावा. हे विषारी असतं. रबरी हातमोजे घाला, भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचे भाग यात टाकू नका, आणि रंगवलेला भाग टाकण्याआधी छोट्या जागेवर तपासा.

पावडर कोटिंगचा मोह टाळलेला बरा. थर जाड बसतो, लगच्या (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या बाहीच्या) कडा बुजतात, सीटच्या लगवर किंवा बीबीखाली ठोकलेला फ्रेम नंबर वाचता येत नाही. करायचंच असेल तर बीबीचे आटे आणि हेडच्या (हँडलखालच्या नळीच्या) वाट्या बसतात त्या जागा झाकून घ्या, नाहीतर नंतर वाट्या बसता बसत नाहीत. खरं तर ओरखडे पडलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा शोभतो, पण हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड.

कॉटर पिन: सगळा घोळ इथेच

क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, कॉटर पिन या पाचरीसारख्या खिळीने आसाला धरलेली असते. ती सैल झाली की क्रँक हलते, पॅडल मारताना दर फेऱ्याला 'टक' वाजतं, म्हणून पिन काढायला लोक नट पूर्ण काढून हातोडा मारतात. आटे चेपतात, पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. शिवाय खाली आधार नसेल तर तो मार थेट बीबीतल्या बेअरिंगच्या छर्‍यांवर जातो आणि वाटीला खड्डे पडतात.

आदल्या रात्री भेदक तेल (गंजलेल्या सांध्यात झिरपणारं पातळ तेल) सोडा. नट सैल करून पिनच्या टोकाशी समपातळीत आणा. क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचेल असा लोखंडी पाइप उभा करा, आणि जड हातोड्याचा एकच नेमका घाव घाला. वीस हलके ठोके पिन वाकवतात. कॉटर प्रेस (पिन दाबून काढायचं हत्यार) मिळाली तर त्याहून उत्तम.

नवी पिन घेताना जुनी सोबत न्या. इंग्रजी सायकलींना साडेनऊ मिमीची लागते, बाजारात ९ मिमीचीही मिळते. बारीक पिन बसते खरी, पण ती भोक खात जाते. सपाट बाजूला मार्करची शाई लावून पिन बसवा, परत काढून बघा. शाई एका टोकाला पुसलेली असेल तर कानसीने तेवढाच भाग घासा. दोन्ही पिन उलट दिशांनी जातात. खात्रीसाठी एकेक क्रँक पुढे आणा, दोन्ही वेळा नट एकाच बाजूला, वर किंवा खाली, दिसला पाहिजे. तसं नसेल तर पॅडल एका रेषेत येत नाहीत. पिन ठोकून किंवा दाबून बसवायची असते. नटाने ओढून आत घ्यायला गेलात तर आटे जातात. १५-२० किलोमीटर चालवून पुन्हा ठोकून नट आवळा.

आटे आणि छर्रे

बीबीची उजवी वाटी आणि डावं पॅडल उलट्या आट्यांचे असतात. 'घट्ट आहे' म्हणून लांब पाइप लावण्याआधी दिशा तपासा. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेला इंचाला २६ आटे, इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना २४. दुकानातली २४ची वाटी रॅलेत दोन फेरे जाते आणि मग अडते. तिथेच थांबा.

बीबीत सहसा पाव इंची छर्रे, बाजूला ११. मागच्या हबलाही पाव इंची, बाजूला ९. पुढच्या हबला ३/१६ इंची, बाजूला १०. जागा दिसते म्हणून आणखी एक कोंबू नका, छर्रे एकमेकांवर घासतात. जुने-नवे मिसळू नका.

टायर आणि ब्रेक

२८ × १-१/२ इंची रिमचा, टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिमी. ७००सीचा टायर ६२२चा, तो चढणारच नाही. २६ × १-३/८ (५९०) आणि माउंटन बाइकचा २६ (५५९) हेही वेगळे. इंच पाहू नका, टायरवर छापलेले मिमी वाचा.

रॉड ब्रेक काढून कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा ब्रेक) लावायची हौस असेल तर रॉड ब्रेकसाठीचं जुनं वेस्टवूड रिम चालत नाही. त्याच्या कडा गोलसर असल्याने रबर धरत नाही. ६२२चं सपाट कडांचं रिम लावलं तर ब्रेकचं रबर साडेसहा मिमी खाली आणावं लागतं, म्हणून लांब हाताचं कॅलिपर घ्या. नाहीतर मागे पॅडल ब्रेकचा (पॅडल उलटं दाबल्यावर लागणाऱ्या ब्रेकचा) हब लावा. पण त्याचा पत्ता (हबच्या बाजूची लोखंडी पट्टी) फ्रेमच्या मागच्या दांडीला क्लिपने पक्का आवळायला विसरू नका. तो मोकळा राहिला तर ब्रेक दाबताच आस फिरतो, कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूच्या आकाराचा नट) आवळला जातो आणि मागचं चाक जाम होतं.