पात्राची श्रद्धा कशी मोडावी, कशी परत आणावी

फँटसी लिहिणाऱ्या नव्या मुलामुलींच्या कथा मी वाचून देते. त्यांत एक जागा हटकून कच्ची राहते. नायिकेची श्रद्धा उडते, मग चमत्कार होतो, राक्षस मरतो आणि श्रद्धा परत येते. राक्षस मेल्यावर विश्वास कोणीही ठेवेल! श्रद्धा परत यायला हवी ती संकट डोक्यावर असताना. वाचकाला धीर मिळतो तो तिथेच.

आधी श्रद्धा हातांच्या कामात दाखवा. माझ्या कथेतली रेवा रोज तिन्हीसांजेला दीपमाळेवर चढते, कालची काजळी खरवडते, नव्या वाती वळते आणि वाऱ्याला पाठ देऊन पहिला दिवा लावते. देवीबद्दल ती चकार शब्द काढत नाही. भाऊ लढाईत गेल्यावरही ती दिवे लावते, पण काजळी तशीच राहू देते. ‘तिचा विश्वास उडाला’ असं मला कुठे लिहावंच लागलं नाही.

श्रद्धा मोडायला अर्धवट सत्य वापरा. टॉल्किनच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या फँटसी कादंबरीत (१९५५) वेढा पडलेल्या नगराचा कारभारी डेनेथॉर याला जादूच्या गोळ्यात शत्रूची काळ्या शिडांची जहाजं नदीतून वर येताना दिसतात. जहाजं खरीच असतात. पण ती जिंकून त्यांतून आपल्याच बाजूचा अॅरागॉर्न कुमक घेऊन येतोय, हे त्याला कळत नाही आणि तो स्वतःला जाळून घेतो. खोट्याला बळी पडलेल्या माणसाची आपण कीव करतो. डेनेथॉरच्या जागी मात्र आपणही खचलो असतो.

परत आणताना म्हाताऱ्या गुरूचं भाषण नको. त्याच पुस्तकात शत्रूच्या मॉर्डॉर देशात नायक फ्रोडोचा सोबती सॅम याला ढगांच्या फटीतून एक पांढरा तारा दिसतो. त्याने ना पाणी वाढतं, ना वाट सोपी होते. या अंधाराचा हात जिथे कधीच पोचणार नाही असं काहीतरी आहे, एवढंच त्याला उमगतं. मग तो स्वतःची काळजी सोडून फ्रोडोशेजारी आडवा होतो आणि गाढ झोपतो. शत्रूच्या मुलखात झोप लागते! ही जागा मी कितीदा वाचली तरी मला भरून येतं. तुमच्या पात्रालाही असं काहीतरी करू द्या, जे निराश माणसाच्या हातून होणार नाही.

लिहून झालं की शेवटचं विजयाचं प्रकरण बाजूला काढा आणि उरलेली कथा वाचा. श्रद्धा परतल्याचा प्रसंग तरीही पटला तर ठेवा, लटका वाटला तर पुन्हा लिहा.