बोटीवर झोपताना सीपॅप: वीज, पाणी आणि डुलणं

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते बोटीवर वापरायचं तर आधी विजेचा हिशोब करा. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) आणि गरम नळी बंद असेल तर बहुतेक मशीन १२ व्होल्टवर साधारण १ ते दीड अँपिअर ओढतं. म्हणजे ८ तासांना ८ ते १२ अँपिअर-तास. दोन्ही चालू असतील तर हाच आकडा तिप्पट-चौपट होतो. लेड-ॲसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरण्याजोगी धरा.

इन्व्हर्टर शक्यतो टाळा, त्यात वीज फुकट जाते. मशीनच्या कंपनीचा डीसी अडॅप्टर घ्या. काही मशीन २४ व्होल्टवर चालतात, त्यांना थेट १२ व्होल्ट जोडू नका. वायर जाड, फ्यूज वेगळा. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि पहाटे, बॅटरी उतरलेली असताना, मशीन बंद पडतं. लायटर सॉकेटचा प्लग हेलकाव्याने सैल होतो. पिळून बसणारा सॉकेट बरा.

मशीन डोक्याच्या पातळीखाली, न घसरणाऱ्या मॅटवर पट्ट्याने बांधा. बोट कलली की टाकीतलं पाणी मशीनमध्ये किंवा नळीत शिरतं, म्हणून चालत्या बोटीत टाकी रिकामीच ठेवा. नांगर टाकून शांत पाण्यात असाल तरच भरा, तेही डिस्टिल्ड पाण्याने.

थंड केबिनमध्ये नळीत पाणी साचून गुरगुर होते. नळीला कापडी खोळ चढवा. फिल्टर रोज पाहा, ओलसर वाटला की बदला. डिझेल हीटर किंवा जनरेटरचा धूर येतो त्या बाजूला हवा घेणारं तोंड कधीच नको.