संध्याकाळच्या समारंभासाठी गडद रत्नरंगी साडी: निवडण्यापासून नेसण्यापर्यंत

पाचूचा हिरवा, माणकाचा लाल, नीलमचा निळा, वांगी जांभळा. हे रंग भर उन्हात अंगावर जड वाटतात आणि दिवे लागले की खुलतात. त्यामुळे तालुक्याच्या लॉनवर रिसेप्शन असो की संध्याकाळचा सत्कार, गडद साडी बिनधास्त काढा. फक्त असा गडद रंग पूर्ण पेहरावात एकच असू द्या.

आधी कापड ठरवा. चकचकीत साटीनवर तोच हिरवा दिव्याखाली जागोजागी पांढरा पडतो, फोटोत तर हमखास. टसरवर, म्हणजे जाडसर रानरेशमावर, तो शांत आणि भरदार दिसतो. म्हणून माझं मत करवतीला. भंडारा-नागपूरकडच्या विणकरांची ही साडी विदर्भाची स्वतःची, तिला भौगोलिक मानांकनही आहे. घेताना काठ बोटांत धरून पाहा. लाकूड कापायच्या करवतीच्या दात्यांसारखी टोकं टसरच्या अंगात शिरलेली दिसतील. तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणारी मागावरची साधनं) विणतात म्हणून काठाचा रंग आणि अंगाचा रंग असे स्वच्छ वेगळे राहतात. आता साडी उलटी करा. विणलेली टोकं मागूनही तशीच दिसतात, छापलेली असतील तर फिकी पडतात. बजेट कमी असेल तर अंग नैसर्गिक मधाळ टसरचं आणि काठ डाळिंबी किंवा मोरपंखी, अशी साधी करवती घ्या. दगड-टिकल्या लावलेल्या जॉर्जेटपेक्षा ती कितीतरी वर्षं जास्त नेसाल.

मग दिवे. पिवळ्या उजेडात निळा-जांभळा काळपट होतो आणि माणिक उठतो. पांढऱ्या एलईडीत निळा-हिरवा झळकतो. ज्या लॉनवर जायचं तिथे कसले दिवे असतात ते विचारून घ्या आणि रात्री घरी तशाच बल्बखाली साडी अंगावर टाकून पाहा.

ब्लाउज त्याच रंगाचा नको. पाचूवर मातकट सोनेरी, नीलमवर रुपेरी किंवा राखाडी छान बसतो. अस्तर सुती, आणि शिवायला देण्याआधी पाण्यातून काढलेलं. नाहीतर पहिल्या धुण्यात आटून शिवण ओढते.

दागिने थोडेच. गळ्यात एकदाणी किंवा गरसोळी, दोन्ही नाही. जुन्या पिवळ्या सोन्याला गडद हिरव्यासारखी सोबत दुसऱ्या रंगाची मिळत नाही, तेव्हा आजीच्या पाटल्या याच दिवशी काढा. साडीच्याच रंगाचे खडे मात्र टाळा, दोन्ही एकमेकांत हरवतात.

चप्पल रुंद टाचेची. लॉनला पाणी मारलेलं असतं, खाली काळी माती, बारीक टाच सरळ आत रुतते. निऱ्यांची उंची तीच चप्पल घालून ठरवा. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर थंडी चांगलीच बोचते. साडीच्या काठाशी जुळणारी शाल सोबत ठेवा, स्वेटर नको. मे महिन्यात टसरऐवजी सुती-रेशमी मिश्र कापड बरं.

गावाहून मोटारसायकलवर जात असाल तर पदर पुढे घेऊन कमरेत घट्ट खोचा आणि निऱ्याही आवरून धरा. मागच्या चाकात पदर अडकून गंभीर अपघात होतात. जमलं तर साडी पिशवीत न्या आणि तिथल्या नातेवाइकांकडे नेसा.

अत्तर साडीवर नाही, मनगटावर. परतल्यावर लगेच घडी घालू नका. रात्रभर पंख्याखाली पसरून घाम सुकू द्या, मग मलमलीत गुंडाळून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, म्हणजे घडीच्या रेषेवर रेशीम तुटणार नाही.