लोकेशन-पेमेंट ॲपवर पेटंटची नोटीस आली तर

जवळचं दुकान ओळखून पैसे भरू देणारं ॲप बाणेर-हिंजवडीत बनवलंत आणि पेटंटभंगाची नोटीस आली, तर उत्तर लिहायची घाई नको. पेटंट कोणत्या देशाचं, ते आधी बघा. अमेरिकेचं पेटंट भारतात लागू होत नाही. तिथे सेवा विकत असाल तर गोष्ट वेगळी. भारतीय असेल तर पेटंट कार्यालयाच्या मोफत शोधात क्रमांक टाका. मुदत अर्जापासून २० वर्षं, पण नूतनीकरण शुल्क थकलं तर पेटंट आधीच संपतं.

मग पेटंटमधले दावे (क्लेम्स), म्हणजे शोधाची नेमकी हद्द सांगणारी क्रमांकित वाक्यं, वाचा. सारांश वाचून घाबरण्यात अर्थ नाही, संरक्षण दाव्यांनाच असतं. पहिल्या स्वतंत्र, म्हणजे दुसऱ्या दाव्यावर न टेकलेल्या, दाव्याचे तुकडे करून तक्ता मांडा. समजा त्यात ‘फोन जागा कळवतो, सर्व्हर जवळची दुकानं निवडतो, फोन मंजुरी देतो’ असं आहे आणि तुमचं ॲप काउंटरवरचा क्यूआर वाचून दुकान ओळखतं. मधला तुकडा जुळत नाही. भंगाचा आरोप बहुधा इथेच लंगडा पडतो. समोरचे ‘हे समतुल्यच’ म्हणतील, म्हणून फरक कोडमधून दाखवा. जुना कोड मात्र पुसू नका.

पेटंट मंजुरी प्रसिद्ध होऊन वर्ष झालं नसेल तर फॉर्म ७ भरून विरोध करा. नंतर पेटंट रद्द करून घ्यायला पेटंट कायद्याचं कलम ६४ आहे. निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळण्याच्या आड त्याच कायद्याचं कलम ३(के) येतं. पुण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या खटल्यात पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केलात, की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. खर्च त्या हिशेबाने धरा. भंगाची धमकी पोकळ असेल तर तिच्याविरुद्ध न्यायालयात जायला कलम १०६ आहे.